कराची ते रत्नागिरी, सरळ रेषेत

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आवडीने शिकवायची असं मात्र कोणी समजू नये. वर्गाच्या भिंतीवर मुंबई इलाख्याचा एक जुना नकाशा टांगलेला होता. सिंध तेव्हा आमच्याच इलाख्यात मोडे. त्यामुळे नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला कराची आणि खाली, जिथे दमट हवेने कागदाला पोपडे आले होते, तिथे आमची रत्नागिरी. कराचीहून विमानाने टपाल येऊ लागलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. विमान आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, पण वर्तमानपत्रात आलं होतं आणि मुलींना तेवढं पुरे होतं. "बाई, ते विमान थेट आपल्याकडे आलं तर किती वेळ लागेल हो?" एकीने विचारलं. मी शिवणाच्या वर्गातून दोरा मागवला, एक टोक कराचीवर धरलं, दुसरं रत्नागिरीवर ताणलं आणि खालच्या मापपट्टीवर मोजून दाखवलं. पावणेसातशे मैल, थोडे इकडेतिकडे. तासाला नव्वद मैल धरले तर साडेसात तास. सकाळी कराचीत चहा घेऊन निघालेला माणूस दिवेलागणीच्या आत रत्नागिरीत. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले असेन. माझा एकुलता एक भाऊ कराचीला होता.

दादा तिथल्या बंदराच्या कचेरीत कारकून होता. दहा-अकरा वर्षं झाली असतील त्याला जाऊन. मी एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आलेली. पुढे शिकले, नोकरीला लागले आणि आईला घेऊन बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या घरात राहू लागले. आईला घेऊन म्हणते खरी, पण आईच्या लेखी ती दादाच्या घरात राहत होती आणि मी तिथे मदतीला होते. घरातला चांगला पाट दादाचा. फणसपोळीचा पहिला तुकडा दादासाठी डब्यात. कैरीचं लोणचं घालताना बरणी भरली की ती म्हणायची, "हे त्याला पुरेल ना गो?" मी म्हणायची, "पुरेल. आपण दोघी काय, वासावर जगतो." तिला त्यातला टोमणा कळायचा नाही, किंवा कळून घ्यायचा नसायचा.

आईचा भूगोल माझ्याहून वेगळा होता. ती मैल कधी बोलली नाही. कराची म्हणजे तिच्या हिशेबात दोन बोटी आणि एक पडाव. कराचीहून मुंबईपर्यंत एक आगबोट, मुंबईहून इथवर दुसरी, आणि आगबोट लांब पाण्यात उभी राहिली की माणसं काठावर आणायला जायचा तो पडाव. उन्हाळ्यात सगळं मिळून पाच दिवस. मृगाच्या आधी बोट बंद झाली की मात्र ती दाराशी बसून म्हणायची, "झालं. मुंबई लांब गेली आता." बोट बंद म्हणजे थेट श्रावण सरेपर्यंत बंद. मग मुंबईहून यायचं तर आगगाडीने पुणं, मिरज, कोल्हापूर, आणि तिथून मोटारीने आंबा घाट उतरून खाली. तेही दरड आली नाही तर. मी तिला चार-पाच वेळा तरी बजावलं असेल, की आई, मुंबई आहे तिथेच असते, अंतर काही ऋतूप्रमाणे बदलत नाही. केवढी मी शहाणी!

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. आमच्याकडे त्या काळी तार फक्त वाईट बातमीची, पण वाईट बातमी खरी असलीच पाहिजे असं नव्हे. मुंबईला नोकरीत असलेल्या माणसाला शिमग्याला रजा मिळत नसे, भाच्याच्या मुंजीला मिळत नसे. आई अत्यवस्थ असली की मिळे. म्हणून घरोघरच्या आया शिमग्याच्या तोंडाला अत्यवस्थ व्हायच्या. चार शब्दांची इंग्रजी तार ठरलेली असायची. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. तारमास्तरांना ती इतकी पाठ होती की पत्ता सांगेपर्यंत त्यांचं लिहून झालेलं असे. साहेबलोकांनाही हे माहीत असावं. पण तार हातात असल्यावर नाही म्हणणं त्यांना जड जात असणार.

आईने मला अशा दोन तारा करायला लावल्या. पहिल्या वेळी दादा धापा टाकत घरी आला तेव्हा अत्यवस्थ बाई चुलीपाशी बसून वडे तळत होती. तो उंबऱ्यातच बसला आणि पोट धरधरून हसला. दुसऱ्या वेळी शिमग्याच्या पालखीला म्हणून बोलावलं, तेव्हा हसला नाही. जाताना पडावात चढण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू शिकलेली आहेस ना? मग तू तरी असं करू नकोस. पुढच्या खेपेला तार आली तर मी उघडून बघणार पण नाही." मी म्हटलं, "मला काय सांगतोस? तुझ्या आईला सांग." आईला तो काही बोलला नाही. तिच्या पाया पडला आणि गेला.

त्या आषाढात आई खरीच पडली. आधी ताप, मग छातीत कफ, मग उजवा हात हलेना. डॉक्टर आले, अंगणातच छत्री मिटत म्हणाले, "बाई, मुलाला बोलावून घ्या. आठ दिवस म्हणतो मी, पण त्याच्यावर विसंबू नका." मी तशीच भिजत तारेच्या कचेरीत गेले. तारमास्तरांनी मला पाहिलं आणि कागद पुढे ओढला. "आई का? यंदा भरपावसात?" ते हसत म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. मी म्हटलं, "मास्तर, या वेळी खरंच आहे. तसं लिहा. खरोखर अत्यवस्थ असं लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसू थोडं आवरलं आणि हळूच म्हणाले, "लिहितो की. पण बाई, खरोखर असं सगळेच घालतात हल्ली."

मी पैसे मोजून ठेवले. तिथल्या बाकावर टेकले. त्यांनी तार केली. मी शाळेत गेले आणि नद्या शिकवल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. सकाळी आईचं सगळं करायचं, शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवायचं, शाळेत जायचं, येताना टपालकचेरीत डोकवायचं, घरी येऊन पुन्हा आईचं सगळं करायचं. कपडे वाळत नव्हते. चुलीत ओली लाकडं धुमसत होती. आईने खाणं सोडलं होतं, पेजेचा चमचा ओठाला लावला की मान फिरवायची. बोलायची ती एकच गोष्ट. "निघाला का तो?" मी म्हणायची, "तार गेलीय." ती म्हणायची, "तार गेली ते कळलं. तो निघाला का?" दिवसातून दहा वेळा. एकदा मी पेजेची वाटी आपटली आणि ओरडले, "मला काय पंख आहेत, जाऊन बघून येऊ?" मग मलाच रडू फुटलं. चुलीपुढे बसून रडले, धुराचं निमित्त होतंच.

आठव्या दिवशी पोस्टमनने पत्र आणून दिलं. दादाचं अक्षर, आणि कोपऱ्यात विमानाच्या टपालाची निळी चिठ्ठी चिकटवलेली. आईला ओसरीवरचा आवाज ऐकू गेला होता. "त्याचं ना? वाच," ती आतून म्हणाली. मी माजघरात तिच्यासमोर जाऊन दारातल्या उजेडाला उभी राहिले आणि आधी मनात वाचलं.

दादा मजेत होता. तार मिळाली, त्याने लिहिलं होतं, आणि त्यातला खरोखर हा शब्द वाचून तो आणि त्याचे बिऱ्हाडातले सोबती हसून हसून दमले. शाळामास्तरणीने तार लिहिली की अशी होते म्हणे. आईला सांग, रजा मी गणपतीला मागितली आहे. तोवर बोटी सुरू होतील, मी ऐटीत पडावातून उतरेन, तिला म्हणावं वडे तयार ठेव. मागल्या पानावर होतं की हे पत्र हौसेने विमानाने धाडतो आहे, किती तासांत पोचतं ते तू नकाशावर मोजून कळव.

पत्रावरचे शिक्के मी पाहिले. आठवड्यातली विमानाची एक फेरी धरायला ते कराचीलाच तीन दिवस पडून होतं. मग आकाशातून अर्ध्या दिवसात पुण्याला आलं. आणि तिथून आमच्या दारापर्यंत यायला त्याला आणखी चार दिवस लागले. माझा दोरा सरळ गेला होता. टपालाला मात्र घाट उतरावा लागला.

"वाचत्येस ना?" आई म्हणाली.

मी वाचलं. "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. तार मिळाली. मी निघालो आहे. काळजी करू नये. रजा मिळाली. विमानाने येत आहे."

"विमानाने?" आईने डोळे पूर्ण उघडले. कितीतरी दिवसांनी उघडले होते. मग म्हणाली, "मग पत्राबरोबरच का नाही आला?"

आजारी होती, पण डोकं जागेवर होतं. मी म्हटलं, "त्या फेरीला जागा नव्हती गं. पुढच्या फेरीला निघणार म्हणून लिहिलंय. म्हणजे आज उतरला असेल. पावसाळ्यात मुंबईला उतरता येत नाही म्हणे, पुण्याला उतरवतात." पुण्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं; फेरी आठवड्यातून एकच असते, हे आईला कुठे ठाऊक होतं.

"पुण्याला? तिथे कोण आहे आपलं?" असं म्हणून तिने तोंड उघडलं. मला कळेना. मग लक्षात आलं, पेज मागत होती. पाच-सहा चमचे घेतले तिने.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी पुन्हा तारेच्या कचेरीत गेले. म्हटलं, "मास्तर, आता लिहा की ही रजेची तार नव्हे. आई जाते आहे." या वेळी ते हसले नाहीत. लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि स्वतः आत जाऊन यंत्रावर बसले. पण मी हिशेब केला होता. तार आज पोचली, दादा आज निघाला, तरी विमानात माणसांना जागा क्वचितच मिळते असं ऐकलं होतं. म्हणजे आगगाडी. सिंधच्या वाळवंटातून अमदाबाद, मुंबई, मग पुणं, मिरज, कोल्हापूर, घाट. सात दिवस, आणि तेही सगळं सरळ झालं तर. डॉक्टरांचे आठ दिवस आदल्याच दिवशी संपले होते. आईला सात दिवस जगवायचं होतं आणि माझ्याकडे दुसरं औषध नव्हतं.

म्हणून मी दादाला आणू लागले. रोज शाळेतून आले की पदर पिळायच्या आधी आईला सांगायची, तो कुठवर आला. पहिल्या दिवशी पुण्याच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होता. दुसऱ्या दिवशी मिरजेला गाडी बदलली. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात होता, मोटारवाला म्हणाला पाऊस थोडा ओसरू दे. "कुठे उतरला कोल्हापुरात?" आई विचारायची. मी धर्मशाळा सांगायची. "जेवला का?" मी सांगायची, जेवला. "काय जेवला?" मी सांगायची, पिठलं-भाकरी. "भात नाही मिळाला त्याला?" ती हळहळायची, आणि माझ्या हातची पेज प्यायची. डॉक्टर आले, नाडी बघून म्हणाले, कमाल आहे बाईंची. मी मनात म्हटलं, कमाल कोणाची ते मला विचारा. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

खरं सांगू? त्या दिवसांत मी आईवर रागावले होते. तिच्यासाठी मी खोट्याचा एवढा डोलारा उभा केला आणि तिला त्यातसुद्धा फक्त तो दिसत होता. मिरजेच्या फलाटावर तो भिजेल याची तिला काळजी. मी समोर ओलीचिंब उभी. एकदाही म्हणाली नाही की तू काही खाल्लंस का गो. चौथ्या दिवशी वर्गात मला ग्लानी आली, खुर्ची धरून उभी राहिले. मुली घाबरल्या. नकाशाकडे बघवेना. घरी येताना वाटेत ठरवलं की आता त्याला मलकापूरला न्यायचं, मग आंब्याला, आणि घाटात अडकवायचा. तिथे दोन दिवस तरी काढता येतील. आपल्या भावाला आपण असं ढकलत चाललोय, भाताच्या पोत्यासारखं, असं वाटून मला हसू आलं.

"घाटात आहे," मी सांगितलं. "दरड पडलीय. माणसं लावलीयत काढायला."

आईने पेज घेतली. पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारी पाऊस थोडा थांबला होता, दारातून बरा उजेड आत येत होता. मी तिचं अंग पुसलं, पातळ बदललं, पेज आणली. तिने एक चमचा घेतला आणि पुरे म्हणून खूण केली. मी सवयीने सुरू केलं, "आज दरड अर्धी निघाली म्हणे. संध्याकाळपर्यंत मोटार सुटली तर उद्या साखरपा, आणि मग..."

"अगो," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता, मला वाकावं लागलं. "किती ओढत आणशील त्याला? राहू दे तिथेच."

मला वाटलं, वातात बोलतेय. म्हटलं, "आई, येतोय तो. लिहिलंय ना त्याने."

"पत्राला मागलं पान होतं," आई म्हणाली. "मला इथून अक्षरं दिसत होती. वाचून दाखवताना तू ते उलटलंच नाहीस."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. पुणं, मिरज, धर्मशाळा, पिठलं-भाकरी, सगळं तिने ठाऊक असून ऐकलं होतं आणि माझ्यासाठी पेज प्यायली होती. मी "चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

तिने चालता हात उचलायचा प्रयत्न केला. तो माझ्या मनगटापर्यंत पोचला. "तू दमलीस," ती म्हणाली. "इतकी वर्षं दमल्येस. तो राहू दे घाटात. तू बस माझ्यापाशी."

मी बसले. वाटी खाली ठेवली आणि तिच्या अंथरुणाच्या कडेला बसले. शाळा नव्हती, टपाल नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. तिने पुन्हा दादाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दिवा लावायला उठायचं होतं, पण तिने मनगट धरलेलं होतं म्हणून उठले नाही. काकूंनी येऊन दिवा लावला तेव्हा आई गेलेली होती. चुलत घराण्यातल्या एकाने अग्नी दिला, पावसात, मोठ्या मुश्किलीने.

दादा तिसऱ्या दिवशी दुपारी आला. दुसरी तार मिळाल्यावर तासाभरात निघाला होता. विमानाच्या कचेरीत हातापाया पडला, पण त्या फेरीला टपालाच्या थैल्यांखेरीज काही घेत नव्हते. मग आगगाडी. सात दिवस अंगावर तेच कपडे. पाण्याने फुगलेले जोडे हातात धरून तो अंगणात उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच त्याला कळलं. मोठ्याने रडला. त्याने काय काय मनाला लावून घेतलं असेल, ते मला दिसत होतं. ते हसणं, ते वडे, ती निळी चिठ्ठी. मी त्याला एका शब्दाने बोलले नाही. बोलण्यासारखं खूप होतं, आणि माझी त्यात वाटणी होतीच. पहिल्या दोन तारा माझ्याच हातच्या होत्या.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून त्याने विचारलं, "शेवटी काय म्हणाली गं? माझं काही म्हणाली?"

मी म्हटलं, "तू घाटात आहेस हे तिला माहीत होतं. शांत गेली."

एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर कदाचित त्याचं मन थोडं हलकं झालं असतं. कदाचित जडही झालं असतं. मी त्याचा विचार केला नाही. जन्मभर त्या घरातलं चांगलं ते त्याच्यासाठी उचलून ठेवलेलं मी पाहिलं होतं. आईचं ते शेवटचं बोलणं माझं होतं, आणि त्यातला एक शब्दही मी त्याला दिला नाही.